बागखर्च खातं

दिव्यप्रभा मेटल वर्क्सच्या ताळेबंदाला शेवटी बारा टिपा असत आणि त्यांतली नववी टीप बुद्धभूषण ओव्हाळ अकरा वर्षं त्याच शब्दांत लिहीत आले होते. ‘विहिरीचे पाणी दूषित झाल्याबद्दल कंपनीविरुद्ध एक दावा प्रलंबित आहे. संभाव्य रक्कम निश्चित करता येत नाही.’ दरवर्षी मार्च उलटला की हीच दोन वाक्यं. मागचे पाढे पंचावन्न. जुने ऑडिटर त्या पानापर्यंत पोचेतो दुपारचे चार वाजलेले असत, आणि चारनंतर पुण्यात कुणालाच काही निश्चित करायचं नसतं. ते चष्मा कपाळावर सरकवत, “तेच ना?” म्हणत आणि सही ठोकून मोकळे होत.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात हे ऑडिटर निवृत्त झाले आणि नव्या फर्मने आलियाला पाठवलं. सव्वीस वर्षांची, गंज पेठेतली. वडिलांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान, घरातली ही पहिली सी.ए. तिने पहिल्या दिवशी बाराही टिपा वाचून काढल्या. म्हणजे खरंच वाचल्या, हे ओव्हाळांना नवीन होतं.

“ओव्हाळ सर, नऊ नंबर. रक्कम निश्चित करता येत नाही, की केली नाही?”

ओव्हाळांनी पेनाला टोपण लावलं. “कोर्टात आहे प्रकरण.”

“अकरा वर्षं आहे, ते दिसतंय. मी रकमेचं विचारतेय.” तिचा आवाज साधा होता, त्यात शहाणपणा मिरवणं नव्हतं. “नुसती टीप म्हणजे आम्ही तुम्हाला सांगून ठेवलं, एवढंच. पण पैसे द्यावे लागतील असं दिसत असेल आणि अंदाजाने का होईना आकडा काढता येत असेल, तर टीप चालत नाही. तेवढी रक्कम आत्ताच बाजूला काढायची. तरतूद करायची. दोन वर्षांपूर्वी तसा नियमच आलाय. दाव्यात म्हटलेला कारखान्याचा गाळ जमिनीतून उचलायचा खर्च आणि त्या विहीरवाल्या बाईंची भरपाई, दोन्ही त्यात आलं.”

“आणि आकडा काढायला काही साधनच नसेल तर?”

“तर टीप राहू दे. पण तसं मला लिहून द्या. साधन नाही म्हणून, तुमच्या सहीने.”

“देतो,” ओव्हाळ म्हणाले. त्यानंतर त्यांना पाण्याचा ग्लास उचलायचंही सुचेना. कारण साधन होतं. रेकॉर्ड रूममध्ये, खालच्या फळीवर, चौदा फायलींमध्ये सुतळीने बांधून ठेवलेलं होतं, आणि ते तिथे आहे हे सबंध कंपनीत त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

दुपारी संजय आला. संजय म्हणजे मालकांचा, आप्पासाहेबांचा मुलगा. सात वर्षं अमेरिकेत राहून आलेला, मनाने वाईट नाही, पण घाईत जन्माला आलेला.

“काका, ती ऑडिटवाली काय म्हणते? नोट आहे ना ऑलरेडी? राहू दे की. जूनएंडला लँडचं डील क्लोज करायचंय. आयटी पार्कवाले थांबणार नाहीत. डिसेंबरपर्यंत कंपनी वाइंडअप.”

“आणि विहिरीचा दावा?”

“कंपनीवर आहे ना तो? मग कंपनीबरोबर जाईल.” संजयने घड्याळ बघितलं. “बाय द वे, तुमची ग्रॅच्युइटी सेफ आहे. डोंट वरी.”

ग्रॅच्युइटीचं ओव्हाळांनी विचारलंही नव्हतं. त्यांनी मनात सरळ वजाबाकी केली. जमीन विकली, पैसे वाटले, कंपनी बंद झाली, की दावा लावणाऱ्या, विहिरीच्या मालकीण चंद्रभागाबाई भांडणार कुणाशी? रिकाम्या डब्याशी. ताळेबंदात आकडा असेल तर तो आधी बाजूला काढल्याशिवाय कुणाला दमडी वाटता येणार नाही. आकडा नसेल तर झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ संजय जूनच्या तीस तारखेला दुसऱ्याच्या हातात देऊन निघून जाणार.

त्यात नुसता चंद्रभागाबाईंचाच प्रश्न असता तर ओव्हाळांनी संध्याकाळच्या आत फायली काढून दिल्या असत्या. अडचण आप्पासाहेबांची होती.

एकोणीसशे एकोणऐंशी साली ओव्हाळ इथे नोकरीला लागले तेव्हा हडपसरच्या पुढे, मांजरीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस होता. स्वारगेटहून पावणेसातला कंपनीची निळी बस सुटायची. वडील बाबुराव महापालिकेत मुकादम. मुलगा बी.कॉम. झाला आणि चार ठिकाणी मुलाखतीला जाऊन आला. सगळीकडे आडनाव ऐकल्यावर साहेबांना अचानक दुसरं काम आठवायचं. आप्पासाहेबांनी आडनाव विचारलंच नाही. एक जुना, खाडाखोड केलेला हिशेबाचा कागद पुढे टाकला आणि म्हणाले, “हा स्वच्छ लिहून द्या.” ओव्हाळांनी दिला. आप्पासाहेबांनी तो उजेडात धरून बघितला. “अक्षर चांगलं आहे. बेरीजही बरोबर आहे, म्हणजे इथे तुम्ही दुसरे.” पहिले कोण, ते सांगायची गरज नव्हती.

ते दिवस स्कूटरचे होते. लोक नंबर लावून आठ-आठ वर्षं थांबत, मुलगी दाखवताना ‘नंबर लागला का’ हे हळूच विचारून घेत. त्या स्कूटरची हँडलं, बंपर, कडेच्या पट्ट्या दिव्यप्रभात क्रोमने चमकून बाहेर पडत. कामगार ताज्या हँडलमध्ये बघून भांग पाडत. आप्पासाहेब म्हणत, “आपलं सगळं वरवरचं आहे, ओव्हाळ. पण वीस वर्षं टिकणारं वरवरचं.” आलियाला हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “आमच्या अब्बांची स्कूटर अजून चालते. हँडल अजून चकाचक आहे.” ओव्हाळांना त्या वाक्याने इतका आनंद झाला की त्यांनी तिच्यासाठी दुसरा चहा मागवला.

आणि बाग. दिव्यप्रभाची बाग बघायला शाळांच्या सहली यायच्या. त्या बागेची कथा अशी की क्रोमच्या हौदांच्या तळाशी हिरवट-पिवळा गाळ साचतो. तो अधूनमधून उपसावा लागतो. आसपासचे कारखानदार तो ओढ्यात लोटून हात झटकायचे. आप्पासाहेबांना ते भिकारपणाचं वाटे. “दुसऱ्याच्या दारात घाण टाकायची नाही,” ते म्हणत. “आपली घाण आपल्या घरात.” मग त्यांनी आवारातच चार-चार फूट खोल वाफे खणले. खाली गाळ, त्यावर मुरूम, त्यावर मांजरीची काळी माती आणि वर गुलाब. रंगराव माळ्याने अशी जोपासना केली की पुष्पप्रदर्शनात पाच वर्षं ढाल आमच्याकडेच, असं ओव्हाळ आजही ‘आमच्याकडे’ म्हणून सांगत. ज्या वाफ्यांत काही जगेना तिथे हिरवळीऐवजी फरशी घालून बॅडमिंटनचं मैदान केलं. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. उलट कोपरा न् कोपरा कारणी लावला म्हणून कौतुक झालं. पाणी कंपनीच्या भिंतीला विचारून वाहत नाही, हे त्या काळात आम्हा पुणेकरांना, एवढे शहाणे असूनही, सुचलं नव्हतं.

पहिल्या ट्रॅक्टरचं बिल आलं तेव्हा ते कुठल्या खात्यावर टाकायचं ते विचारायला ओव्हाळ गेले होते. “बागेत जातंय ना? मग बागखर्चात धरा,” आप्पासाहेब म्हणाले. ओव्हाळांनी धरलं. पण स्वभावाला औषध नसतं. प्रत्येक बिलाच्या पाठीवर त्यांनी तारीख, खेपांची संख्या आणि वाफ्याचा नंबर लिहून घ्यायला सुरुवात केली, खाली ट्रॅक्टरवाल्याची सही. त्याशिवाय पैसे नाहीत. “कुठं टाकलं?” हे त्यांचं पहिलं वाक्य. ट्रॅक्टरवाले त्यांना मागे ‘कुठंटाकलंसाहेब’ म्हणत, हे त्यांना माहीत होतं आणि थोडं आवडतही होतं. त्र्याऐंशी ते शहाण्णव, चौदा वर्षं, एक खेप चुकली नाही. कुणी चोरीची नोंद इतक्या निष्ठेने ठेवली नसेल, आणि ती चोरी आहे हे तर त्यांना बारा वर्षं कळलंही नव्हतं.

खंडेनवमीला सगळ्यांच्या घरची माणसं येत. यंत्रांना झेंडूच्या माळा, हिरवळीवर पंगत, जिलबी. झेंडू यायचा मागच्या भिंतीपलीकडून, चंद्रभागाबाईंच्या मळ्यातून. त्या स्वतः डोक्यावर पाटी घेऊन यायच्या आणि हिशेबाच्या खिडकीशी उभ्या राहून म्हणायच्या, “ओव्हाळसायेब, मापात घ्या, पर वंजळभर जास्त हाय.” पहिल्या वर्षी ओव्हाळ पूजेच्या वेळी बाजूला उभे राहिले. त्यांच्या घरात छप्पन्न सालापासून देवपूजा नव्हती. आप्पासाहेब पेढ्यांचा डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी आले. “वह्यांना हळदकुंकू नको तर नको. त्यांच्यावर धूळ नाही, ही पूजा मला पुरे.” त्या दिवशी हा माणूस ओव्हाळांनी मनात कायमचा एका उंच फळीवर ठेवून दिला. पुढे त्याला तिथून खाली उतरवायचं त्यांना कधी धाडस झालं नाही.

मग जग बदललं. स्कूटरच्या जागी मोटारसायकली आल्या, क्रोमच्या जागी प्लास्टिक आलं, उसाच्या जागी काचेच्या इमारती आल्या. काचेला क्रोम लागत नाही. निळी बस बंद झाली, रंगराव वारले, गुलाब नुसते काट्यांचे उरले. आणि पंच्याण्णव साली चंद्रभागाबाई झेंडूच्या पाटीऐवजी एक बाटली घेऊन आल्या होत्या. बाटलीतलं पाणी पिवळं होतं. “इहिरीचं हाय,” त्या म्हणाल्या. “शेवंती जळली. म्हस गाभडली. आता तुमीच सांगा.” आप्पासाहेबांनी वर्षभर त्यांना टँकर पाठवला, पण गाळाचा संबंध मानायला ते तयार नव्हते. घाण आपल्या घरात आहे, दुसऱ्याच्या दारात नाही; हे त्यांचं जन्मभराचं प्रमाणपत्र होतं. बाईंनी त्याच वर्षी दावा लावला. वकिलांनी नववी टीप सांगितली आणि ओव्हाळांनी ती स्वच्छ अक्षरात लिहून घेतली.

कंपनीतर्फे तारखांना ओव्हाळच जात. शिवाजीनगरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात वादी आणि प्रतिवादी एका बाकावर बसून एकाच टपरीचा चहा पीत. अकरा वर्षांत त्यांचं भांडण असं कधी झालं नाही. वकील तेवढे एकमेकांवर ओरडायचे.

आलियाने विचारल्याच्या तिसऱ्या दिवशी ओव्हाळ मागच्या फाटकातून बाईंच्या मळ्यात गेले. मळा कसला, गवत माजलेलं. विहिरीवर पत्रे टाकलेले. दारात निळं प्लास्टिकचं पिंप. चंद्रभागाबाई सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. खाटेवर बसूनच त्यांनी पदर सावरला.

“या सायेब. तारीख हाय का?”

“तारीख नाही. सहज आलो.”

“सहज कुनी येत न्हाई.” बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. “कंपनी इकनार म्हनं. पोरं सांगत हुती. मंग मी कुनाशी भांडू, तेवढं सांगा. म्हंजी म्या वकिलाला तसं कळवीन.”

ओव्हाळांनी पिंपातलं पाणी मागून घेतलं, प्यायले आणि परत आले. त्या दिवशी रेकॉर्ड रूमची किल्ली त्यांनी स्वतः मागून घेतली. चार दिवस ते खालच्या फळीवरच्या फायलींत बसले होते. बिल उलटायचं, पाठीवरची नोंद वाचायची, कागदावर उतरवायची. जुन्या तारखांबरोबर जुन्या सह्या निघत होत्या, रंगरावांनी शेरा मारलेला असे, ‘वाफा ७, येथे काही जगत नाही’. एका बिलाला गुलाबाची वाळलेली पाकळी चिकटलेली होती. ओव्हाळांना हसू आलं, मग वाईट वाटलं, मग पुन्हा पुढचं बिल. पाचशे सत्तर खेपा. आलियाने दिलेल्या दराने गाळ उचलून घातक कचऱ्याच्या जागी नेण्याचा खर्च आणि बाईंच्या दाव्याची रक्कम मिळून एक कोटीच्या वर गेली. रक्कम निश्चित करता येत होती. अकरा वर्षं येत होती.

कागद तिच्या हातात देण्याआधी आप्पासाहेबांना सांगायचं, एवढं त्यांनी ठरवलं. मागून कळलं असं व्हायला नको. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला जाऊन सांगायचं काय? की आयुष्यभर जे मिरवलंत ते खोटं होतं, आणि ते मी पैपैच्या हिशेबाने सिद्ध करून आणलंय? शनिवारी त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळपर्यंत त्यांनी एक तोड काढली. चूक आपल्या अंगावर घ्यायची. बागखर्चात मी धरलं, मी वेळेवर बोललो नाही. म्हातारा माणूस तेवढ्यावर निभावून जाईल.

आप्पासाहेब शनिवार पेठेत, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. दार त्यांनीच उघडलं.

“नऊला येतो म्हणालात आणि नऊला आलात. पुण्यात राहून एवढंही बिघडला नाहीत. या.”

ओव्हाळ बसले. पाठ केलेलं सगळं बोलून गेले. नियम, आलिया, विक्री, चंद्रभागाबाई, पाचशे सत्तर खेपा. “आणि चूक माझी आहे, आप्पासाहेब. मी ते बागखर्चात धरलं. पुढे लक्षात आल्यावरही बोललो नाही. तुम्हाला याची कल्पना नव्हती, असं मी त्यांना सांगणार आहे.”

आप्पासाहेबांनी भिंग घेतलं आणि कागदांवरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. साल, महिना, वाफा, खेपा. अर्धा तास गेला. आतून कुकरची शिट्टी झाली, खाली रस्त्यावर भाजीवाली ओरडून गेली. ओव्हाळांना एकोणऐंशी सालची ती मुलाखत आठवली, तोच कागद उजेडात धरण्याचा प्रकार.

भिंग एका ओळीवर थांबलं. “एकोणनव्वद. मे महिना कोरा आहे.”

“मी रजेवर होतो. लग्न होतं माझं.”

“माहितीय. मी आलो होतो. तुमच्याकडे अक्षता नव्हत्या, मोगऱ्याची फुलं होती.”

ओव्हाळांचा जीव जरा भांड्यात पडला. ते लग्न म्हणजे त्यांच्या घरातली लाडकी गोष्ट होती. हक्काची रजा सहा दिवसांची, आणि आप्पासाहेबांनी स्वतः बोलावून तीन आठवडे दिली होती, भरपगारी. त्या रजेत ते शर्मिलाला घेऊन महाबळेश्वरला गेले. बाबुरावांच्या घराण्यात थंड हवेला गेलेलं ते पहिलं जोडपं. मुलांनी ही हकिगत इतक्यांदा ऐकली होती की ‘तीन आठवडे’ म्हटलं की दोघंही कपाळाला हात लावत.

“बेचाळीस खेपा,” आप्पासाहेब म्हणाले. “लिहा.”

“कुठल्या?”

“मेमधल्या. तुमच्या बेरजेत नाहीत. हिशेब करायचाच तर पुरा करा.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “मागच्या भिंतीला दगडाची जुनी खाण होती. आठवते?”

“मुरूम टाकून बुजवली ती. वर सायकल स्टँड केला.”

“मुरूम वरून. खाली बेचाळीस खेपा आहेत. वाफे भरले होते, पावसाळा तोंडावर आला होता आणि मोठ्या ऑर्डरसाठी हौद रिकामे पाहिजे होते. खाणीत ऐन मे महिन्यात गुडघाभर पाणी होतं, ओव्हाळ. मेमध्ये पाणी आहे म्हणजे खाली झरा आहे. हे कळायला इंजिनिअर लागत नाही. मला कळत होतं.”

खाण आणि विहीर यांच्यात साठ फुटांचं अंतर होतं. ओव्हाळांनी ते कोर्टाच्या नकाशात अनेकदा पाहिलं होतं. “माझ्याकडे बिल आलं नाही त्याचं,” ते म्हणाले.

“रोख दिले. माझ्या खिशातून.”

“पण मला सांगितलं असतंत...”

“तुम्ही असता तर विचारलं असतंत, कुठे टाकलं म्हणून. आणि तुमच्या तोंडावर खोटं बोलायला मला जमलं नसतं.” आप्पासाहेब खिडकीकडे बघत होते. “म्हणून तुम्हाला रजा दिली. तीन आठवड्यांत आटोपेल असा अंदाज होता. सतरा दिवसांत आटोपलं.”

ओव्हाळांनी टोपण काढलं आणि मे, एकोणनव्वद, या ओळीसमोर बेचाळीस लिहिलं. पुढे ‘खाण, मागची भिंत’. बेरीज बदलली. पाचशे सत्तरच्या जागी सहाशे बारा. सत्तावीस वर्षांत त्यांच्या हाताने काढलेला हा पहिला वेडावाकडा आकडा.

“द्या इकडे,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी कागदाच्या खाली दोन ओळी लिहिल्या, खेपा त्यांच्या सांगण्यावरून टाकल्याचं, आणि सही केली. सही करायला बराच वेळ लागला. “उद्या त्या मुलीला द्या. संजयला मी फोन करतो. आधी गाळाचं आणि बाईंचं बाजूला काढायचं, मग उरेल ते विकायचं. ऐकणार नाही म्हणाला तर सांगेन, मी कोर्टात येऊन बसतो. बाईंच्या बाजूला.” मग म्हणाले, “चूक तुमची नव्हती. ती मला द्या. तेवढी तरी आपली घाण आपल्या घरात राहू दे.”

लिफ्ट असूनही ओव्हाळ जिन्याने उतरले. स्वारगेटपर्यंत चालत गेले. राग आला तो तिथे, बसच्या रांगेत, आणि आला तेव्हा तो कुणावर काढायचा तेच कळेना. ज्या माणसाने सत्तावीस वर्षांपूर्वी आडनाव विचारलं नव्हतं तो, आणि ज्याने बायकोबरोबर महाबळेश्वरला पाठवून मागे खाण भरली तो, हे दोन वेगळे असते तर बरं झालं असतं. तसे ते नव्हते. आणि ओव्हाळांना सगळ्यांत लाज कशाची वाटली, तर इतकं कळूनही त्या म्हाताऱ्याची ती सही आठवून त्याच्याबद्दल मायाच वाटली याची. बाकी काम उरकलं होतं. बाईंचा आकडा कागदावर आला होता, मालकाच्या सहीसकट. आता तो कुणाला पुसता येणार नव्हता.

रामटेकडीला घरी पोचले तेव्हा शर्मिला ताटं वाढत होती. पुढच्या रविवारी पाहुणे जेवायला यायचे होते, त्याच्या तयारीत ती होती.

“भेटले का आप्पासाहेब? ओळखलं ना नीट?”

“ओळखलं.”

“काय म्हणाले?”

ओव्हाळांनी चप्पल काढून भिंतीला लावली. “आपल्या लग्नाची आठवण काढली.”

शर्मिलाचा चेहरा एकदम फुलला. “बघा. एवढं वय झालं तरी विसरले नाहीत. तीन आठवडे रजा दिली होती त्या माणसानं. पाहुण्यांना रविवारी सांगा हं तुम्ही, तुम्हीच छान सांगता.”

“सांगेन,” ओव्हाळ म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.